फोन आपला, किल्ली कुणाची?

भातलावणीच्या दिवसांत चार दिवस मदतीला म्हणून मी दरवर्षी सासरच्या गावी जाते. मदत कसली, चहा करायचा आणि भाकऱ्या थापायच्या, एवढेच! पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघायचे, नसरापूरला चेलाडीच्या फाट्यावर वळायचे आणि मार्गासनी, विंझर मागे टाकून तोरण्याच्या पायथ्याशी पोचायचे. वेल्हे तालुका तो. कागदोपत्री त्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे. पण एसटीतल्या बायकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.

२०२५ च्या आषाढात गेले, तेव्हा थोरल्या जाऊबाईंकडे नवा फोन आलेला होता. आम्ही सगळ्या त्यांना आक्का म्हणतो. त्यांचा मुलगा शिरवळला कारखान्यात आहे. त्याने मोठ्या हौसेने आईला घेऊन दिला. आक्कांनी खोके देवापुढे ठेवले, हळदकुंकू वाहिले आणि मगच ते उघडले. फोन दिसायला देखणा. पाठ मोरपिशी रंगाची, चकाकती. शेजारणी येऊन बघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी खाचरात सगळ्या वाकून लावणी करत होतो. बांधावर डब्यांच्या पिशवीत फोन वाजला. आक्का चिखलातून पाय ओढत गेल्या, हात पदराला पुसले आणि हिरव्या टिकलीवर बोट फिरवले. काही नाही. पुन्हा फिरवले. तरी काही नाही. पदर ओला, बोट ओले, वरून पावसाची भुरभुर. फोन वाजून वाजून बंद पडला. भोरला दिलेल्या लेकीचा फोन होता. तिच्या पोराला ताप भरला होता आणि तिला आई हवी होती. आम्हाला ते कळले संध्याकाळी, देवळाच्या पायऱ्यांवर रेंज आल्यावर.

आक्का कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, "मलाच जमत न्हाई गं. मी अडाणी. जुना बटनाचा व्हता त्योच बरा व्हता."

मैत्रिणींनो, "मी अडाणी" हे शब्द माझ्या मनात घर करून राहिले. आंबेमोहराची लोंबी नुसती हातात धरून कापणी किती दिवसांवर आली हे सांगणारी, डेअरीच्या दुधाचा हिशेब तोंडी करणारी ही बाई. एका काचेच्या वस्तूने तिला अडाणी ठरवले, आणि तिनेही ते निमूट मान्य केले!

दोष कुणाचा?

आपण मिक्सर आणला आणि त्याच्या भांड्याचे झाकण बसेना, तर आपण काय करतो? दुकानदाराकडे जातो. "हे काय दिलंत?" म्हणून विचारतो. कुकरची शिटी होत नसेल, तर रबर बदलून मागतो. त्या वेळी कुणी स्वतःला अडाणी म्हणवून घेत नाही. वस्तूत खोट आहे, हे आपल्याला पक्के ठाऊक असते.

फोनच्या बाबतीत मात्र उलटे होते. फोन चालला नाही की आपण आधी स्वतःला दोष देतो. मग घरातल्या एखाद्या लहान मुलाला हाक मारतो. तो दोन क्षणांत काहीतरी करतो आणि म्हणतो, "आजी, एवढं पण येत नाही?" झाले, आपला धीर आणखी खचतो.

मी त्या चार दिवसांत आणि नंतर भोरला लेकीकडे गेले तेव्हा बायकांना मुद्दाम विचारले, "नव्या फोनचा तुम्हाला काय त्रास होतो?" पहिले उत्तर सगळ्यांचे एकच, "छे, काही नाही, मलाच कळत नाही." थोडे खोदून विचारले की मग तक्रारींचा पाऊस! आणि त्यांतल्या बहुतेक तक्रारी अगदी रास्त निघाल्या. त्यांचा शिक्षणाशी काही संबंध नव्हता. पुण्यातल्या माझ्या शेजारणी, ज्या बँकेतून निवृत्त झाल्या, त्याही हेच म्हणतात. तेव्हा या तक्रारी एकेक करून नीट पाहू या.

ओला हात आणि काच

पहिली तक्रार अर्थात ओल्या हाताची. कणीक मळताना, भांडी घासताना, लावणी करताना फोन उचलता येत नाही. असे का होते हे एकदा समजले की निम्मी भीती जाते. या काचेत डोळ्यांना न दिसणारे, वीज वाहून नेणारे बारीक जाळे असते. आपले शरीरही थोडीफार वीज वाहते. बोट टेकले की त्या जागचा विद्युत्भार बदलतो आणि 'इथे बोट आहे' असे फोनला समजते. पण पाणीही वीज वाहते! काचेवर थेंब पसरले की फोनला एका बोटाच्या जागी दोन-चार बोटे भासू लागतात आणि तो गोंधळतो. उलट बोटाची कातडी फार जाड आणि कोरडी असली, तर बोट टेकल्याचा पत्ताच त्याला लागत नाही. साधा बटणाचा फोन दाबावर चालत असे. म्हणून त्याला ओले-कोरडे सारखेच होते.

दुसरी तक्रार अंगठ्याची. फोन उघडायला बोटाचा ठसा लावायचा असतो. आक्कांच्या मुलाने आईचा ठसा घेण्याचा प्रयत्न केला, पण फोन काही तो घेईना. वर्षानुवर्षे चिखलात, राखेत, विळ्या-खुरप्याशी झिजलेली बोटे ती. रेषा पुसट झालेल्या. वय वाढले की त्या आपोआपही सपाट होत जातात. म्हणजे जी बाई जास्त राबली, तिचाच ठसा फोन ओळखत नाही! शेवटी मुलाने काय केले, तर स्वतःचा ठसा लावून ठेवला आणि एक आकडा घातला. आकडा आईला सांगितला, पण घाईत सांगितला. फोन आईचा, किल्ली मुलाकडे. यावर पुढे बोलायचेच आहे.

तिसरी तक्रार आकाराची. पहिला आयफोन २००७ साली आला, तेव्हा त्याची काच साडेतीन इंचांची होती. आता बाजारात सर्रास साडेसहा इंचांचे आणि त्याहून मोठे फोन असतात. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. बायकांच्या हातात तो पुरता मावत नाही. एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचता येत नाही. कडेवर मूल असलेल्या बाईने काय करायचे? त्यात पाठ काचेसारखी गुळगुळीत. आणि ठेवायचा कुठे? सदऱ्याला खिसा असतो, लुगड्याला नसतो. कनवटीला चार नाणी मावतात, एवढे धूड मावत नाही. आक्कांच्या सासूबाई कमरेला चंची लावायच्या. मी आक्कांना तसलीच जाड कापडाची, तोंडाला बंद असलेली पिशवी शिवून दिली. गळ्यात अडकवली की दोन्ही हात मोकळे. घरच्या शिलाई मशीनवर अर्ध्या तासाचे काम आहे.

गेलेले भोक, गेलेले बटण

भोरच्या एका वहिनींची तक्रार मला फार पटली. त्या दुपारी शिवणकाम करताना फोनवर रेडिओ ऐकायच्या. नवा फोन आणला आणि रेडिओ बंद! जुन्या इअरफोनची पिन घालायला नव्या फोनला भोकच नाही.

हे भोक पूर्वी बहुतेक फोनला असे. २०१६ साली ॲपल कंपनीने आयफोन ७ मधून ते काढून टाकले. हळूहळू इतर कंपन्यांनीही तोच कित्ता गिरवला. कंपन्या म्हणतात, बिनतारी इअरफोन वापरा. पण त्यात एक मेख आहे. फोनमधला एफएम रेडिओ ऐकायचा, तर इअरफोनची वायर हीच त्याची एरियल असते. वायर गेली की रेडिओही मुका! नेट वापरून रेडिओ ऐकता येतो, पण त्याला रेंज हवी आणि डेटा खर्च होतो. डोंगरातल्या बाईला वादळाची, पुराची बातमी हवी असते, नेमकी तेव्हाच रेंज गेलेली असते. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये फोन कंपन्यांना याच कारणासाठी सूचना केली, की फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद करून ठेवू नका. तेव्हा रेडिओची आवड असेल तर दुकानातच विचारावे, "यात वायरच्या इअरफोनचं भोक आहे का? एफएम लागतो का?" आणि लावूनच पाहावे.

बॅटरीचेही तसेच. जुन्या फोनची पाठ नखाने उघडायची. बॅटरी फुगली की वेल्ह्याच्या किंवा भोरच्या दुकानातून दुसरी आणून आपल्या हाताने बसवायची. आता बॅटरी आत चिकटवून बंद केलेली असते. फोन पातळ व्हावा, आत पाणी-धूळ जाऊ नये, ही कारणे कंपन्या सांगतात, आणि त्यांत तथ्यही आहे. पण दोन-तीन वर्षांत बॅटरी दमली की बाकी धडधाकट फोनसुद्धा टाकाऊ वाटू लागतो. पावसाळ्यात रात्र-रात्र वीज नसलेल्या वाडीवर तर दमलेली बॅटरी म्हणजे नसलेलाच फोन.

चार्जरची गोष्ट आणखी गमतीची. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ आला तो खोक्यात चार्जर न देता. कचरा कमी व्हावा म्हणून, असे सांगितले. मग इतर काही कंपन्यांनीही तेच सुरू केले. आक्कांच्या शेजारणीने फोन आणला, घरी येऊन खोके उघडले, तर आत नुसती वायर! पुन्हा एसटीचे तिकीट काढून चार्जर आणायला जावे लागले. खोक्यात काय काय आहे ते खोक्यावरच छापलेले असते. दुकानातच वाचून घ्यावे.

आणि ते बाजूचे बटण. पूर्वी ते दाबून धरले की फोन बंद व्हायचा. आता पुष्कळ फोनमध्ये ते दाबून धरले की कुणीतरी बोलू लागते, "मी आपली काय मदत करू?" आक्का दचकल्याच! फोन बंद करायला अशा वेळी ते बटण आणि आवाज वाढवायचे बटण, दोन्ही एकदम दाबून धरावी लागतात. हे सांगितल्याशिवाय कुणाला कसे कळावे?

याच बटणाचा एक चांगला उपयोगही आहे आणि तो प्रत्येकीला ठाऊक हवा. संकटात असलेल्या बाईला चटकन मदत मागता यावी म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली नियम केला, की प्रत्येक फोनमध्ये आणीबाणीचे बटण असलेच पाहिजे. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा. नव्या फोनमध्ये चालू-बंदचे बटण तीन किंवा पाच वेळा पटापट दाबायचे. फोननुसार थोडा फरक असतो. फोन ११२ ला लागतो. ही सोय आपल्या फोनमध्ये कशी आहे, ते घेतानाच दुकानदाराकडून समजून घ्या. पिशवीत बटण दाबले जाऊन उगाच फोन लागू नये, म्हणून ती कशी थांबवायची, तेही विचारा.

शिरवळला वाजलेला ओटीपी

इथवरच्या तक्रारी तुम्ही म्हणाल तर सोयी-गैरसोयीच्या आहेत. आता जे सांगते, त्यात मात्र पैशाचा आणि मानाचा प्रश्न आहे.

२०२४ साली राज्यात लाडकी बहीण योजना सुरू झाली. महिन्याला दीड हजार रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात. आक्कांच्या आयुष्यातले हे पहिले पैसे, जे कुणाच्या हातून न येता त्यांच्या नावावर आले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने ई-केवायसी सक्तीची केली. म्हणजे आपण आपणच आहोत हे फोनवरून सिद्ध करायचे. आधार क्रमांक घालायचा आणि आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी भरायचा. शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही तसाच ओटीपी भरायचा.

आक्कांचे आधार काढताना नंबर दिला होता मुलाचा, कारण तेव्हा घरात फोन त्याचाच होता. घरोघरी हीच कथा आहे. आता आक्का देवळाच्या पायऱ्यांवर, रेंज सापडते तिथे, नवा फोन हातात घेऊन बसलेल्या. आणि ओटीपी वाजतोय शिरवळला, कारखान्याच्या कपाटात ठेवलेल्या मुलाच्या फोनवर! त्याची पाळी सुटेपर्यंत त्याला फोनला हात लावता येत नाही. ओटीपीची मुदत थोड्या मिनिटांची. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी मुलाने रजा टाकली, तो गावी आला, आणि मग काम झाले.

मुलगा गुणी आहे, माऊलीसाठी धावतो. त्याला मी एक शब्दही बोलणार नाही. पण विचार करा, ज्या घरात मुलगा तसा नसेल, किंवा नवऱ्याशी पटत नसेल, तिथे त्या बाईने काय करावे? पैसे तिच्या नावावर. पण पैसे आल्याचा निरोप दुसऱ्याच्या फोनवर. फोन तिचा, पण तो उघडणारे बोट दुसऱ्याचे. कपाटाची किल्ली आपण कमरेला लावतो. पेटीची किल्ली सासूने सुनेच्या हाती दिली, तर ती केवढी मोठी गोष्ट मानतो! मग या नव्या पेटीची किल्ली आपण अशी सहज का देऊन टाकतो?

फोन परत करणाऱ्या बायका

"तक्रार करून काय होणार? कंपन्या कुठे ऐकतात?" असे बऱ्याच जणी म्हणाल्या. त्यांना मी आपल्याच राज्यातल्या अंगणवाडी सेविकांची हकीकत सांगितली.

२०१९ च्या सुमारास पोषण अभियानात राज्यभरातल्या सेविकांना सरकारकडून स्मार्टफोन मिळाले. मुलांची वजने, उंची, खाऊचे वाटप, सगळे त्यावर नोंदवायचे. फोन होते दोन जीबी रॅमचे, म्हणजे एका वेळी फार काम न झेपणारे. मार्च २०२१ मध्ये केंद्राचे 'पोषण ट्रॅकर' हे नवे ॲप आले आणि त्याचा भार या फोनना पेलेना. फोन तापायचे, हँग व्हायचे, जागा भरली म्हणून नोंद घ्यायचे नाहीत. वॉरंटी संपलेली. दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनातून करायचा. वर ॲप इंग्रजीत! मराठीतून शिकलेल्या बाईने मराठी मुलाचे नाव इंग्रजीत भरायचे.

या बायका काय म्हणाल्या? "आम्ही अडाणी" असे नाही म्हणाल्या. "हा फोन या कामाच्या लायकीचा नाही" असे म्हणाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी रांगा लावून हे फोन बालविकास प्रकल्पांच्या कार्यालयांत परत नेऊन दिले. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये संप झाला, त्याच्याही मागण्यांत नवे फोन ही एक मागणी होती, आणि सरकारला ती मान्य करावी लागली.

मला यावरून १९७२ सालचा लाटणे मोर्चा आठवतो. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे मुंबईच्या गृहिणी महागाईविरुद्ध हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. पुढे १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. तेलातली भेसळ आणि वजनातली मापाची खोट आपण तेव्हापासून ओळखायला शिकलो. आता फोनमधली खोट ओळखायला शिकायचे आहे.

बाहेरच्या देशांतही असेच चालले आहे. युरोपात लोकांनी ओरड केली म्हणून कायदे झाले. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे नव्या फोनना एकाच प्रकारची, टाइप-सी चार्जिंगची सोय सक्तीची झाली. २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनचे मुख्य सुटे भाग, ते मॉडेल बंद झाल्यावरही सात वर्षे मिळाले पाहिजेत, असा नियम आहे. आणि १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडून, फोनची बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः बदलता आली पाहिजे. आपल्याकडेही ग्राहक खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे ग्राहक दिनाच्या दिवशी, दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. त्यावर दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती कंपन्यांनी द्यावी, अशी कल्पना आहे. मागणाऱ्यांचा आवाज वाढला तर इथेही कायदा होईल.

तक्रार कशी करावी?

आता कामाच्या गोष्टी. एखाद्या कागदावर उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

फोन घेताना पक्के बिल घ्या, आणि ते स्वतःच्या नावाचे घ्या. बिलावर फोनचा आयएमईआय नंबर लिहिलेला हवा. तो फोनवर पाहायचा तर *#०६# दाबावे. खोके, बिल आणि वॉरंटीचा कागद एका पिशवीत घालून ठेवा. फोन चोरीला गेला तरी हा नंबर लागतोच.

दुकानातच फोन हातात धरून पाहा. एका हाताने चालतो का? अक्षर मोठे होते का? मराठी कळपाट आहे का? आवाज मोठा येतो का? पाण्याला दाद देत नाही असे विक्रेता म्हणाला, तर विचारा, "पाणी जाऊन बिघडला तर वॉरंटीत दुरुस्त कराल का?" बहुतेक वॉरंटीत पाण्याने झालेला बिघाड धरत नाहीत. चिखलणीच्या दिवसांत हे लक्षात ठेवायला हवे.

बिघाड झाला तर दुकानदाराला नुसते तोंडी सांगू नका. कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती केंद्रात द्या आणि जॉबशीटचा कागद घ्या. त्यावर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा. "फोन तापतो, चार्जिंगला लावल्यावर बंद पडतो" असे नेमके. कागद नसेल तर तक्रार केलीच नाही, असे होते.

तरीही दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीतून बोलता येते. पुष्कळदा एवढ्यानेच कंपनी हलते.

तेही जमले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यामुळे फोन पुण्यात घ्या, मुंबईत घ्या की घरबसल्या मागवा, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. भोर-वेल्ह्याच्या बाईला पुणे जिल्हा आयोग पुरे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज हवा. १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून अर्ज घरूनही भरता येतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. फोन मोठा आहे, भोक नाही, ओल्या बोटाने चालत नाही, यासाठी नुकसानभरपाई मिळत नाही. कारण फोन तसाच बनवलेला असतो आणि तसाच विकलेला असतो. त्या तक्रारी घेण्याआधीच करायच्या असतात, दुकानाच्या काउंटरवर. "असला नको, दुसरा दाखवा" असे दहा जणी म्हणाल्या, की दुकानदार तालुक्याला तसलाच माल आणू लागतो.

आक्कांचा आकडा

दिवाळीला मी पुन्हा गावी गेले. या खेपेला आक्का, मी आणि वाडीवरची अंगणवाडी सेविका अशा तिघी ओसरीवर फोन घेऊन बसलो. अक्षर मोठे केले. भाषा मराठी केली. काचेची संवेदनशीलता वाढवायची सोय त्यांच्या फोनमध्ये निघाली, ती चालू केली. उजव्या हाताचा अंगठा झिजलेला होता, म्हणून डाव्या हाताची करंगळीशेजारची बोटे लावून पाहिली. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, थोडे खोबरेल चोळून पुन्हा कोरडे पुसले. अनामिकेचा ठसा फोनने घेतला! तोच ठसा दोनदा नोंदवून ठेवला, म्हणजे चुकत नाही. फोन वाजला की आवाज कमी करायच्या बटणाने वाजणे थांबवता येते, आणि काही फोनमध्ये चालू-बंदच्या बटणाने फोन कापण्याची सोय असते, हेही त्या शिकल्या. आणि खाचरात जाताना पिशवीत एक कोरडे फडके ठेवायचे ठरले.

मुलाला आम्ही समोर बसवूनच सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "आईचा फोन आईनंच उघडावा की! मला काय हौस आहे?" त्यानेच आईला दुसऱ्या दिवशी आधार केंद्रावर नेले आणि तिच्या आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडून आणला. पुढचा ओटीपी आता आक्कांच्याच फोनवर येईल.

राहिला कुलुपाचा आकडा. मी म्हटले, "आक्का, लक्षात राहील असा घाला. पण जन्मसाल नको, ते सगळ्यांना ठाऊक असतं."

आक्कांनी फोन पदराआड धरला, सावकाश सहा आकडे दाबले, पुन्हा एकदा दाबले आणि फोन कापडी पिशवीत टाकून पिशवी गळ्यात अडकवली.

"काय घातलात?" मी सवयीने विचारले.

"तुला कशाला सांगू?" आक्का म्हणाल्या, आणि चुलीवरचा चहा उतरवायला आत गेल्या.